अंगणवाडीत हे काय चाललंय, बाई!

ऐकलंत का? ठाणे जिल्ह्यात शहापूर-मुरबाडकडे म्हणे एक नवंच खूळ शिरू बघतंय. तीन-चार वर्षांच्या पोरांना कसं शिकवायचं, हे ठरवायच्या आधी लोक चक्क विचारतात, "असं शिकवल्यानं पोराला खरंच काही येतं का? कुणी बघितलंय?" पुरावा मागतात हो, पुरावा!

आजवर कसं सगळं सुरळीत होतं. मुरबाडला रेल्वे अजून यायचीय, पण केजी केव्हाच येऊन ठेपलं. पिवळी व्हॅन, इलॅस्टिकचा टाय, पोरापेक्षा जड दप्तर आणि वर्षअखेरीस काळा झगा घालून पदवीदान. साडेपाच वर्षांचे पदवीधर! आत काय शिकवतात, असं कुणी विचारलं का? छे! म्हशाच्या यात्रेतल्या गुरांच्या बाजारात हाच बाप बैलाचे दात मोजेल, चार पावलं चालवून बघेल, मग कुठे पैशाचं बोलेल. नर्सरीत मात्र दारावरची इंग्रजी पाटी वाचून तो थेट पाकीटच काढतो. घराण्याची रीत म्हणतात ती हीच.

या खुळाची लागण तशी जुनी आहे. दोष ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोघींचा. 1945 साली त्यांनी बोर्डीत बालशिक्षणाचं काम मांडलं. बोर्डी आज पालघर जिल्ह्यात, पण पालघर तेव्हा वेगळं नव्हतं, सगळा एकच ठाणे जिल्हा. पोरं शाळेत येईनात, तर आईबापांना नावं ठेवून मोकळं व्हावं की नाही? पण नाही. या बाया पोरं का येत नाहीत ते बघत बसल्या. मग पाड्यावरच्या अंगणातच बालवाडी भरवली आणि गुराख्यांच्या मागोमाग शाळा कुरणात नेली. मुलगी धाकट्याला सांभाळायला घरी राहते? मग त्याला कडेवर घेऊनच ये! 1957 नंतर कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा सगळं एकत्र. शिकवायला काय, तर बिया, पानं, शंख-शिंपले. करून बघायचं, जमलं नाही तर बदलायचं. शोभतं का हे?

बाहेरच्यांनी तर कहर केला. जमैकात 1986-87 साली वाढ खुंटलेल्या 129 बाळांवर एक अभ्यास सुरू झाला. काही घरी आरोग्यसेविका दर आठवड्याला दोन वर्षं जायची आणि आईला बाळाशी खेळायला, बोलायला शिकवायची. तीच बाळं बाविशीची झाल्यावर बघितलं, तर खेळवलेली इतरांपेक्षा पाव हिस्सा जास्त कमावत होती. म्हणजे खेळही आता कामाचा निघाला! आपल्याकडेही आसाम, राजस्थान, तेलंगण इथली 14 हजार पोरं चौथ्या वर्षापासून आठव्यापर्यंत तपासली. 2017 ला अहवाल आला : अंगणवाडी असो की खासगी नर्सरी, वयाला साजेसं शिकवणं दोन्हीकडे बेताचंच. आता सांगा, टायचे पैसे कोण परत देणार?

त्यात तमिळनाडूची भानगड. तिथं अंगणवाडीत फक्त एक अर्धवेळ बाई वाढवून बघितली, तर शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला आणि पोरांचे गुणही वाढले. हे मंत्रालयात फार बोलू नका, एखादं पद मंजूर करावं लागेल. आपली सेविका वजनं घेते, घरपोच आहार वाटते, लसीच्या दिवशी आया गोळा करते, पोषण ट्रॅकरमध्ये सगळं भरते. उरलेल्या वेळात शिकवते. आणि या सेविकाताईंनी म्हणे पोरं खेळताना काय बोलतात तेही टिपावं! नेटवर्क येईपर्यंत टिपतीलही बिचाऱ्या.

सगळ्यात आगाऊपणा पुढेच आहे. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर निघतात. पोर जातं, हजेरीचा रकाना रिकामा होतो, आणि उरलेल्या पोरांच्या जोरावर अंगणवाडीचा निकाल झकास दिसतो. एवढी छान सोय असताना ही संशोधनवाली माणसं विचारतात, "गेलेलं पोर भट्टीवर काय करतंय? तेही मोजा." अहो, पोर भट्टीवर गेलं की प्रश्नही तिकडेच जायला नको का?

परवा तर एका आजीलाच ही बाधा झाली. नातवाच्या प्रवेशाला गेली आणि सरांना म्हणाली, "मागच्या वर्षीच्या पोरांना काय काय येतं, ते दाखवा." सरांनी पदवीदानाचा फोटो पुढे केला. आजी म्हणाली, "हा झगा झाला. पोरं कुठायत?"