शिक्का नवा, मोटर जुनी

आमच्या सुरतेतल्या कोसाडच्या इमारतीतली पाण्याची मोटर दिवाळीत जळाली. पाणी समितीने लगेच बैठक घेतली आणि स्वतःचे नाव ‘जलव्यवस्थापन समिती’ करून घेतले. नवा रबरी शिक्काही आला, जांभळ्या शाईचा. मोटरीचे बटण दाबले की मात्र अजून नुसती घरघर होते आणि वार्निश जळाल्याचा वास येतो. बायका तिसऱ्या मजल्यावर हंडे चढवतात.

मी समितीला नावे ठेवत नाही. ते काम ती स्वतःच करते. शिवाय ही रीत सुरतेचीच. ईस्ट इंडिया कंपनीने 1612 साली आपले आरमार इथेच उभे केले. 1686 मध्ये ते मुंबईला हलले आणि ‘बॉम्बे मरीन’ झाले. 1830 मध्ये ‘इंडियन नेव्ही’. 1863 मध्ये पुन्हा ‘बॉम्बे मरीन’ (जुना शिक्का कुणीतरी जपून ठेवला असणार). 1877 मध्ये ‘इंडियन मरीन’, 1892 मध्ये नावाआधी ‘रॉयल’ चिकटले, 1934 मध्ये मरीनची नेव्ही झाली, 1950 मध्ये ‘रॉयल’ गळले.

आणि जहाजे? सुरतेच्या गोदीतला लवजी नसरवानजी वाडिया हा पारशी कारागीर कंपनीने 1736 साली मुंबईला नेला. पुढे दीडेकशे वर्षे त्याचेच घराणे तिथे सागवान तासत होते. त्यांनी 1817 साली पाण्यात सोडलेले ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगते आहे. ब्रिटिश जहाजबांधणीचा कारभार पाहणारे नेव्ही बोर्ड मात्र 1832 सालीच बुडाले.

अमेरिकेची तऱ्हा तीच. 1939 मध्ये त्यांच्या नव्या विनाशिका ठरल्यापेक्षा जड भरल्या. एक खाते सांगाडा बघे, दुसरे इंजिन. वजन कुणाच्याच टेबलावर नव्हते. 1940 मध्ये दोन्ही खाती एक केली, मग 1966 आणि 1974 मध्ये पुन्हा पाट्या रंगवल्या.

आपल्या संरक्षण खात्यानेही 2020 मध्ये खरेदीच्या नियमावलीवरचा ‘प्रोक्युअरमेंट’ शब्द काढून ‘अ‍ॅक्विझिशन’ घातला. मराठीत दोन्हीला खरेदीच म्हणतात, म्हणून ही क्रांती आपल्याला कळली नाही.

‘सुरत’ नावाची विनाशिका 15 जानेवारी 2025 ला नौदलात आली. बांधली माझगाव गोदीत. लवजी गेला तो गेलाच.

तरी वाचकहो, मोटर रिवाइंडिंग करणारा कुणी ओळखीचा असेल तर कोसाडला पाठवा. बिलावर मारायला शिक्का आमच्याकडे तयार आहे.