चाल कोणाची, नाव कोणाचं!

"काय ताई, काल उशिरापर्यंत टीव्ही चालू होता तुमचा. गाणी येत होती ऐकू."

"'मनोरंजन' लागला होता हो वहिनी. शम्मी कपूरनं दिग्दर्शन केलेला, १९७४चा. झीनत अमान आणि संजीव कुमार. बसले ते उठलेच नाही. त्याचं मूळ कुठलं, ठाऊक आहे? 'इर्मा ला दूस', बिली वाइल्डरचा."

"तो शर्ली मॅक्लेनचा? पाहिलाय मी."

"तोच, १९६३चा. पण त्याच्याही मागं जा. ती मुळात पॅरिसची संगीतिका, १९५६ची, आणि चाली सगळ्या एका बाईच्या. मार्गरित मोनो. ऐकलंय नाव?"

"नाही बाई."

"बघा! लंडनला ती पीटर ब्रूकनं बसवली. हो हो, महाभारतवाला ब्रूक. पुढं ब्रॉडवेवर ५२४ प्रयोग झाले. आणि वाइल्डरनं काय करावं? सिनेमातली गाणीच काढून टाकली. चाली तेवढ्या पार्श्वसंगीताला ठेवल्या. त्या नीट बसवल्या म्हणून ऑस्कर कोणाला, तर आंद्रे प्रेव्हिनला. ही तोवर गेलेली."

"म्हणजे आचारी राहिला चुलीपाशी आणि वाढप्याला आहेर."

"अगदी. बरं, बाई काही अशीतशी नव्हे. लुआर नदीकाठचं दसीझ गाव, जन्म १९०३चा. वडील आंधळे, पण चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, शिकवण्या घ्यायचे. पुढं पॅरिसला ही शिकली कोणाकडं, तर पियानोवादक आल्फ्रेड कोर्तो आणि संगीतगुरू नादिया बुलांजे! पण तब्येतीनं साथ दिली नाही. मैफिलीचा नाद सुटला आणि बाई वळली कॅबरेतल्या गाण्यांकडं."

"कोर्तोची शिष्या आणि कॅबरे! नाकं मुरडली असतील लोकांनी."

"मुरडेनात का. तिथंच तर तिला गायिका एदित पियाफ भेटली. आता ऐका, ही गंमत आहे. १९३५ची गोष्ट. पियाफ तेव्हा रस्त्यावर गात फिरायची. झेर्नी नावाच्या कॅबरेच्या मालकानं, लुई लप्लेनं, नुकतीच तिला उचलून आत आणलेली."

"त्याचाच खून झाला ना पुढं?"

"१९३६मध्ये. पोलिसांनी पियाफलाही चौकशीला नेलं होतं. तो विषय निराळा, मला भरकटवू नका. तर मार्गरितचं 'लेत्रांजे' हे गाणं आनेत लाजों नावाची गायिका प्रकाशकाच्या कचेरीत बसवत होती. पियाफ कोपऱ्यात. गाणं मागितलं तर उत्तर आलं, बाई, हे आनेतचं आहे, मिळायचं नाही. ही मुकाट्यानं म्हणाली, पुन्हा एकदा म्हणाल का, फार आवडलं. त्या भोळीनं म्हटलं. झालं! गाणं सगळं डोक्यात उतरवलं आणि झेर्नीत म्हणून मोकळी. आनेत तिथं येऊन ऐकते तर काय, आपलंच गाणं!"

"अगं बाई! मग?"

"कोणी म्हणतं मुस्काटात मारायला निघाली होती, कोणी म्हणतं तिथंच माफ केलं. आपण काही तिथं नव्हतो. पण त्या गाण्याच्या रेकॉर्डचं मोठं बक्षीस पुढच्या वर्षी आनेतलाच मिळालं, एवढं बरं झालं. आणि मार्गरितनं पियाफवर डूख धरला नाही. उलट पंचवीसेक वर्षं तिच्या पियानोपाशी बसून चाली दिल्या. 'मों लेजिओनेर' हिचंच. 'मिलॉर' हिचंच, १९५९चं. शब्द जॉर्ज मुस्ताकीचे."

"मुस्ताकी म्हणजे पियाफचा तो कोवळा…"

"हो, तोच. अठरा-एकोणीस वर्षांनी लहान. सोडा हो. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकचं उद्घाटन पाहिलंत ना? पाऊस पडतोय, आयफेल टॉवरवर सेलीन डिऑन गातेय…"

"रडले होते मी."

"ते 'ईम्न आ लामूर'. शब्द पियाफचे, चाल मार्गरितची. दोघी बायकांनी मिळून केलेलं गाणं. लिहिलं कोणासाठी, तर पियाफच्या प्रियकरासाठी, मार्सेल सेर्दांसाठी. बॉक्सर, जगज्जेता. घरी बायको, तीन मुलगे."

"तो विमान अपघातात गेला म्हणूनच लिहिलं ना ते?"

"सगळ्यांना तसंच वाटतं. पण नाही. न्यूयॉर्कला पियाफनं ते म्हटलं १९४९च्या सप्टेंबरात, आणि सेर्दांचं विमान अझोर्समध्ये कोसळलं २८ ऑक्टोबरला. त्या रात्रीही ती गायली. नंतर लोकांनी गाण्यालाच दुखवटा चिकटवला."

"आणि एवढं करून मार्गरितला काय मिळालं?"

"रॉयल्टी मिळाली असणारच, पण मैत्रीचं विचाराल तर… १९६०च्या ऑक्टोबरात शार्ल द्युमों हा संगीतकार पियाफच्या घरी आला. आधी तिनं त्याला चक्क टाळलं होतं. त्यानं पियानोवर 'नों, ज न रग्रेत रियें' ऐकवलं आणि बाई पार विरघळली. पॅरिसच्या ऑलिंपिया सभागृहातल्या कार्यक्रमात द्युमोंची गाणी आली, मार्गरितची बरीचशी बाहेर गेली."

"हा कृतघ्नपणा झाला!"

"मलाही आधी तसंच वाटायचं. पण वहिनी, पियाफची तब्येत तेव्हा पुरती ढासळलेली. हातात आलेलं गाणं तिनं सोडायचं का? आणि ते गाणं काय आहे, सांगा."

"गाणं असेल मोठं. एक फोन करायला काय जात होतं?"

"केला असेलही. १२ ऑक्टोबर १९६१ला मार्गरित गेली, अवघ्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. अपेंडिक्स फुटलं. दुखणं अंगावर काढलं म्हणतात. पियाफ गेली १९६३च्या ऑक्टोबरात. द्युमों मात्र पुरा पंचाण्णव वर्षांचा होऊन २०२४मध्ये गेला."

"काहीही म्हणा ताई, पियाफ चुकलीच."

"तुम्ही आधी 'मिलॉर' ऐका, मग त्या द्युमोंचं ऐका. संध्याकाळी मोबाइल घेऊन या, मी लावून देते. मग भांडू."

"येते. पण मी मार्गरितच्याच बाजूची, आधीच सांगून ठेवते."