सहा व्होल्टचे काका

डोंबिवलीत मोकळी जागा मिळत नाही आणि मोकळा रस्ता तर नाहीच नाही. तरीही मानपाडा रोडच्या आतल्या एखाद्या सोसायटीत ताडपत्रीखाली, चाकांना विटांची उटी लावून, एक जुनी जीप उभी असते. तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले असतात. ते पाय काकांचे. सोसायटीतल्या लहान मुलांनी काकांना कमरेच्या वर फारसं पाहिलेलं नसतं.

नोकरी बहुधा कारखान्यातली. कल्याण-शीळ रस्त्यावरचा प्रीमियरचा कारखाना चालू होता तेव्हा तिथं फ्रेंच प्यूजो ३०९ बनायची. काका दिवसभर तिचे नट आवळायचे आणि मनात विलीज जीप घोळवायचे. त्याआधी याच प्रीमियरनं कुर्ल्यात डॉज आणि फार्गो जोडल्या, महिंद्रानं माझगावात विलीज जोडली आणि जनरल मोटर्सनं तर १९२८ सालीच शिवडीत गाड्या जोडायला घेतल्या होत्या. त्यामुळे अमेरिका हार्बर लाइनवर आहे, असा काकांचा भूगोल.

जीप ‘लढाईची’ आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर तिथं सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं. आपली जीप त्या छावणीतूनच निघाली, असं काका छातीठोकपणे सांगतात. कागद मागितला तर तो वाळवीनं खाल्ला. पुरावा म्हणून पाहुण्याला पुढची जाळी मोजायला लावतात. लढाईच्या जीपला नऊ उभ्या फटी, नंतरच्या नागरी जीपला सात. नऊ भरल्या की चहा येतो.

चहाबरोबर फोर्ड येतो. एकट्या विलीज कंपनीला लष्कराची मागणी पुरी करता येईना म्हणून फोर्डनंही तीच जीप बनवली आणि आपल्या बोल्टांच्या डोक्यावर ‘एफ’ उमटवला. असा एक गंजका बोल्ट काका रुमालात बांधून ठेवतात. मंगळसूत्र बँकेच्या लॉकरमध्ये असतं, बोल्ट देव्हाऱ्याशेजारी. जीपचं म्हणाल तर चॅसी विलीजची, बोल्ट फोर्डचे, रेडिएटर महिंद्राचा आणि पेट्रोलची टाकी ‘मेड इन यूएसए’. कुठलं यूएसए हे कल्याणच्या पुढचा रेल्वेप्रवासी सांगेल. काकांसमोर तो विनोद करू नये.

काका मिलिमीटर मानत नाहीत. त्यांच्या घरी मापं सुतात चालतात. सुरणाच्या फोडी किती जाड करू, असं काकूंनी विचारलं तर आतून उत्तर येतं, “तीन सूत!”

वर्षातून एकदा, बहुधा दसऱ्याला, जीप बाहेर निघते. पंपावरचा पोरगा नळी हातात घेऊन तिला प्रदक्षिणा घालतो. टाकीचं तोंड सापडत नाही, कारण काका त्याच्यावर बसलेले असतात. लढाईच्या जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. काका सावकाश उतरतात, गादी उचलतात आणि मागच्या रांगेतल्या रिक्षावाल्यांकडे अभिमानानं बघतात.

खरी मजा पंक्चरवाल्याकडे. या जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. पोरगा पाना लावतो, जोर करतो, नट हलत नाही. मग पान्याला पाइप लावतो. मग पाइपवर उभा राहून उड्या मारतो. काका हाताची घडी घालून गप्प उभे. शेवटी कट्‌ आवाज होऊन स्टड तुटतो, तेव्हा ते मायेनं सांगतात, “बाळा, डावं चाक उलटं सुटतं.” आधी का नाही सांगितलं, हा प्रश्न पोराला पडतो. मला पडत नाही. तुटलेला स्टड म्हणजे शनिवारी कुर्ल्याच्या भंगार बाजारात जायला सबळ कारण.

विजेचा मामला सहा व्होल्टचा. त्या उजेडात शीळफाट्याचा खड्डा खड्ड्यात गेल्यावरच दिसतो. पण या जीपचे हेडलाइट बिजागरीवर असतात. उलटे फिरवले की प्रकाश इंजिनवर पडतो. अमेरिकनांना उजेड कुठं लागणार हे आधीच कळलं होतं, असं काकू म्हणतात. आणि कोंडीत पेट्रोलची नळी तापून आत वाफ धरली, पंप ओढेनासा झाला, की त्याच्यावर ओलं फडकं टाकायचं असतं. फडकं काकूंचं असतं. “अहो, तो माझा नवा नॅपकिन!” हे वाक्य त्या पत्रीपुलाच्या अलीकडे एकदा आणि पलीकडे एकदा म्हणतात.

काकांचा जोडीदार ठाण्यात, घोडबंदर रोडला. त्याची १९५१ ची शेवरोले. तिचा वायपर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. गायमुखचा चढ लागून ॲक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम पडतो आणि भर पावसात वायपर थांबतो. उतार लागला की भजनातल्या टाळांसारखा सुटतो. दोघांचं रोज रात्री फोनवर बोलणं होतं.

“काय म्हणते?”

“काल चालली.”

“अरेरे. मग?”

“आज बंद आहे.”

“हां, मग ठीक.”

मला विचाराल तर या माणसांना गाडी चालायला नकोच असते. चाललेली गाडी कुठंतरी पोचते आणि पोचल्यावर नातेवाईक भेटतात. बंद गाडी घरच्या घरी, रविवार सत्कारणी लावते. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ ही वेगळी नोंदणी आणली. फी वीस हजार, आणि अट अशी की गाडी रोजच्या वापरात आणायची नाही. ही अट वाचून काकूंना हसू आवरेना. चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको, असंही नियमात आहे. उल्हासनगरची टाकी त्यात मोडते का, यावर डोंबिवली आणि ठाणे यांचा वाद अजून मिटलेला नाही. वीस हजारांचा विषय काकूंकडे काढायचा कोणी, हाही नाही.

तेव्हा कोणाच्या माळ्यावर सहा व्होल्टचा हॉर्न पडून असेल तर काकांपर्यंत पोचवा. रोख पैसे मिळतील. फक्त रविवारी सकाळी, काकू फडके रोडला गणपतीच्या देवळात गेल्यावर या. आणि जिन्यात गाठ पडून त्यांनी किंमत विचारलीच तर निम्मी सांगा.