चौथी गोळी आणि परटाची खूण

"वहिनी, गोळ्या चार होत्या. तीन नव्हेत."

"कुठल्या? तुमच्या बीपीच्या?"

"चेष्टा नको. गांधीजींना लागलेल्या. तीन गोडसेच्या, चौथी भलत्याच कुणाची. त्या वेळच्या पेपरात छापून आलंय!"

नानांनी कुंपणाच्या भिंतीवर कोपर टेकलं की समजावं, सकाळी मोबाइलवर काहीतरी येऊन पडलेलं आहे. मी दोरीवर कपडे टाकत होते. आता कोर्टात जबान्या उतरवून घेण्यात जिची हयात गेली, तिच्यासमोर असं काही बोलायचं म्हणजे आगीत तेलच की. बादली खाली ठेवली.

"पेपरात चारही आलं, तीनही आलं. पण त्याच संध्याकाळी तुघलक रोड ठाण्यात फिर्याद नोंदवलीय, नंदलाल मेहतांची. हा माणूस तिथे हजर होता. त्याने तीन सांगितल्या, दोन-तीन फुटांवरून झाडलेल्या."

"त्या फिर्यादीत मारेकऱ्याचं नाव काय लिहिलंय, ठाऊक आहे?"

ठाऊक होतं. नारायण विनायक गोडसे.

"बघा! नथुरामचा नारायण करणारा माणूस. त्याचा आकडा तेवढा बरोबर?"

मुद्दा फक्कड काढला बरं का. वकील व्हायचे ते पोस्टात गेले. म्हटलं, "नाव मेहतांनी कुणाच्या तरी तोंडून ऐकलं. गोळ्या डोळ्यांदेखत झाडल्या गेल्या. ऐकीव आणि पाहिलेलं कोर्टात एका भावाने विकत नाहीत. पण जाऊ दे, डोळ्यांवरही मी भिस्त ठेवत नाही. घाबरलेला माणूस काहीही मोजतो. मयताच्या अंगावर काय होतं ते बघा. डॉक्टर कर्नल तनेजांनी दुसऱ्या दिवशी तपासलं. जखमा पाच. आत शिरल्याच्या तीन, पाठीतून बाहेर पडल्याच्या दोन. तिसरी गोळी फुप्फुसात अडकली. आणि जप्त केलेलं बेरेटा पिस्तूल, नंबर 606824. सात गोळ्यांचं. त्यात जिवंत काडतुसं उरली चार. सातातून चार गेले तर किती?"

"तीन. पण चौथी दुसऱ्या पिस्तुलातून सुटली असेल तर तुमची वजाबाकी काय कामाची?"

"मग चौथी जखम दाखवा."

"दाखवू कुठून? शवविच्छेदन केलं का?"

इथे मी गप्प. खरंच नाही केलं. तनेजांनी वरून तपासलं तेवढंच. तेव्हा कुणाला वाटलं असेल, एवढ्या लोकांसमोर मारलंय, मारेकरी हातात आहे, त्या देहाची आणखी चिरफाड कशाला? माणुसकीच्या नात्याने ठीकच. पण शवविच्छेदन काय त्या दिवसाच्या लोकांपुरतं असतं? सत्तर वर्षांनी भिंतीवर कोपर टेकणाऱ्यांसाठीही असतं ते.

"तरी तुमची चौथी गोळी सुप्रीम कोर्टात जाऊन आली," मी म्हटलं. "मुंबईहून एकाने याचिका केली होती. आधी मुंबई हायकोर्टाने फेटाळली. सुप्रीम कोर्टाने ज्येष्ठ वकील अमरेंद्र शरण यांना कागद चाळायला लावले. त्यांना दुसऱ्या मारेकऱ्याचा माग लागला नाही. मार्च 2018 मध्ये निकाल लागला. न्यायमूर्ती होते आपल्या नागपूरचे बोबडे आणि नागेश्वर राव."

नाना खट्टू झाले, पण नमणाऱ्यांतले नव्हेत.

"बरं, ते 'हे राम'? ते तरी कुणी ऐकलं?"

हा दुसरा घोळ तर मला फारच आवडतो. बापूंची चुलतनात मनू त्यांना अगदी चिकटून चालत होती. तिला गोडसेने बाजूला ढकललं, तिच्या हातातली माळ, वही, थुंकदाणी खाली पडली. ती म्हणते, बापू रामनाम म्हणाले. पानिपतच्या गुरबचनसिंगांनी कोर्टात तेच सांगितलं. मेहतांच्या फिर्यादीत 'राम राम' आहे. नथुरामचे भाऊ गोपाळ गोडसे जन्मभर नाही म्हणत राहिले. आणि गांधीजींचे स्वीय सचिव कल्याणम तिथेच मागे होते. 2006 मध्ये त्यांच्या नावावर छापून आलं, गांधीजी 'हे राम' म्हणालेच नाहीत. झाला गदारोळ. 2018 मध्ये त्यांनी खुलासा केला, 'म्हणाले नाहीत' असं मी बोललोच नव्हतो. मला ऐकू आलं नाही, एवढंच म्हणालो होतो.

"एकच ना ते?"

"एकच? अहो, उलटतपासणीत याच फटीतून वकील आख्खा साक्षीदार बाहेर ओढतो! कानाला तीन फुटांवरचे तीन बार बसल्यावर, गर्दी ओरडत असताना, पुटपुटलेलं मागच्याला ऐकू येईल? त्याने 'नाही ऐकलं' म्हणणं हा प्रामाणिकपणा. त्यावरून 'नव्हतंच' काढणं ही आपली कारागिरी."

"तेव्हा कुणी चित्रीकरण केलं असतं तर..."

"केनेडींचं झालं की. 1963, डॅलस. झप्रूडर नावाच्या माणसाने सव्वीसएक सेकंदांची फिल्म घेतली. लोक अजून तिची एकेक चौकट थांबवून भांडताहेत."

खरं सांगू? मला या गोळ्या मोजण्याचा कंटाळा येतो. मी दोरीवरचा जुना पलंगपोस नानांपुढे धरला. कोपऱ्यात परटाची काळी खूण, बिब्ब्याची. कापड विरलं, इतक्या धुण्यांत रंग गेला, खूण जशीच्या तशी. "अशी खूण पोलिसांच्या हाती होती, नाना. 20 जानेवारीला बिर्ला हाउसच्या आवारात मदनलाल पाहवाने बॉम्ब उडवला आणि जागच्या जागी सापडला. त्याच रात्री तो पोलिसांना मरिना हॉटेलात घेऊन गेला. खोली देशपांडे नावाने घेतलेली, पाखरं उडालेली. पण धुवायला टाकलेले कपडे राहून गेले होते. त्यांवर खूण काय? एन. व्ही. जी."

नानांचं कोपर भिंतीवरून निघालं.

"नथुराम विनायक..."

"त्यात मदनलाल सांगतोय, पुण्याच्या एका वर्तमानपत्राचा संपादक यात आहे. पुण्यात 'अग्रणी'चा संपादक कोण, हे शाळकरी पोराने सांगितलं असतं. मुंबईत मदनलालच्या ओळखीचे रुईया कॉलेजचे प्रोफेसर जगदीशचंद्र जैन 21 तारखेला मुंबईचे गृहमंत्री मोरारजी देसाईंना भेटून जे ठाऊक होतं ते सांगून आले. आणि तरी 30 तारखेला तोच माणूस पिस्तूल घेऊन प्रार्थनेच्या वाटेवर उभा राहतो, पाच वाजून सतरा मिनिटांनी. पुढे या कटाची चौकशी करणाऱ्या कपूर आयोगाने हे सगळं उकरलं, 1969 मध्ये. तेव्हा कुणाला काय त्याचं!"

"दहा दिवस?"

"दहा दिवस. दुसरा बंदूकवाला हवा कशाला? पहिलाच नावगावासकट हाताशी होता."

नाना बराच वेळ त्या खुणेकडे बघत होते. मग खिशातून मोबाइल काढला. "ग्रुपवर टाकून बसलोय हो ती चौथी गोळी. सव्वीस अंगठे आलेत."

"मग खाली लिहा, पाच जखमा, तीन आत, दोन बाहेर."

"ते कोण वाचतंय! तो कपूर आयोगाचा अहवाल आहे का तुमच्याकडे? धोब्याचं प्रकरण जरा नीट वाचतो म्हणतो."

"आहे. पण आधी दिवाळीला नेलेली शिडी आणून द्या."