तू टूरला आला नव्हतास

इटलीला जाऊन आलेल्या माणसाबरोबर इटालियन हॉटेलात जेवायला जाऊ नये. काशीहून परतलेला माणूस निदान गंगेची लोटी हातात ठेवून आपल्याला मोकळं करतो. इटलीहून परतलेला नियम घेऊन येतो.

माझा हा मित्र मूळचा सांगलीकडचा. नोकरीनिमित्त पुण्यात आला, इथलाच झाला आणि यंदा मे महिन्यात एका टूर कंपनीबरोबर युरोप उरकून आला. फोटो मी पाहिलेत. पिसाचा मनोरा तळहातावर तोलून धरलेला तो, व्हेनिसच्या गोंडोलात एका हाताने टोपी आणि दुसऱ्या हाताने बायको धरून बसलेला तो, आणि फ्लॉरेन्समध्ये वरणभात, बटाट्याची भाजी, गुलाबजाम अशा ताटापुढे बसलेला तो. एवढ्या फोटोंत मनापासून हसलाय तो फक्त या शेवटच्यात. रोज रात्री भारतीय जेवण मिळेल, हे कंपनीने माहितीपत्रकातच छापलं होतं. इटालियन म्हणावं असं त्याने रोममध्ये एका दुपारी खाल्लं. बाकीची सगळी विद्या बसमध्ये, गाइडच्या माइकवरून.

कोरेगाव पार्कातल्या त्या हॉटेलात उजेड इतका बेताचा होता की मेन्यू वाचायला आम्ही मोबाइलचे टॉर्च लावले. शेजारच्या टेबलावरही तेच चाललं होतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, आत दिवे गेलेत आणि माणसं मीटर शोधताहेत.

वेटर आसामचा होता, विशीतला, अतिशय नम्र. त्याने पाण्याबरोबर ओरेगॅनो आणि चिली फ्लेक्सच्या पुड्यांची वाटी ठेवली. मित्राने ती दोन बोटांनी टेबलाच्या कडेपर्यंत सरकवली. "भैया, ये हटाव. इटली में ऐसा नहीं चलता." मुलगा वाटी घेऊन गेला. मी कॅपुचिनो मागवणार होतो, तीही नामंजूर झाली. तिथे म्हणे दुपारनंतर कॅपुचिनो पितच नाहीत. स्पॅगेटी मोडायची नाही. माशांच्या पास्त्यावर चीज घालायचं नाही. इटलीत काय खातात ते मला त्या रात्रीपर्यंत थोडंफार माहीत होतं. काय काय खात नाहीत ते आता पाठ आहे.

"हजारो वर्षांची परंपरा आहे रे त्यांची," तो म्हणाला.

टोमॅटो तर कोलंबसानंतर, 16व्या शतकात अमेरिकेकडून तिकडे गेला, असं मी म्हणून पाहिलं.

"तू टूरला आला नव्हतास," तो म्हणाला. यावर कोण काय बोलणार?

पास्ता आला. मित्राने एक तुकडा दाढेखाली धरला, डोळे मिटले आणि पसंतीची मान हलवली. आत कणी राहिलीच पाहिजे, हे त्याने मला समजावलं. माझ्याही पास्त्यात कणी होती. घरच्या भातात एवढी निघाली असती तर मी कुकर पुन्हा चढवायला लावला असता. इथे पैसे मोजून मी ती भक्तिभावाने चावत होतो.

मग चीज. वेटर किसणी घेऊन आला तसं मित्राने विचारलं, "असली पार्मिजानो है ना?" मुलगा म्हणाला, नाही सर, हे व्हेज चीज आहे. मित्राचा चेहरा पडला. "रोममध्ये खाल्लं होतं अस्सल. शनिवारच होता. काय चव!" आता, हा माणूस शनिवार कडक पाळतो, अंडंसुद्धा खात नाही. आणि अस्सल पार्मिजानो रेजिआनोचं दूध वासराच्या जठरातल्या रेनेटनेच फाडावं लागतं, असा तिथला नियम आहे. इतक्या नियमांत गाइडने नेमका हाच कसा गाळला कोण जाणे. मी पाण्याचा घोट घेतला. आजही शनिवारच होता, आणि मैत्री जुनी आहे.

शेवटी आलं टस्कन फार्रो सॅलड, 695 रुपये. हे त्याने खास माझ्यासाठी मागवलं होतं. टस्कनीच्या डोंगराळ भागात, गार्फान्याना म्हणून आहे तिथे, हे धान्य पिकतं. जुने रोमन लोक याचीच पेज पीत. "आपल्याकडे बघायला मिळायचं नाही," तो म्हणाला.

रॉकेटच्या पानांत लांबट, तांबूस, टच्च फुगलेले दाणे चमकत होते. मी एक चमचा तोंडात टाकला आणि थांबलो. ही चव मी याच माणसाच्या गावी, याच्याच घरी, गूळ-वेलदोडा घालून वाटीवाटीने ओरपली होती.

"सर, बहुत हेल्दी है," वेटर म्हणाला. "सांगली से आता है."

खपली! मित्र बराच वेळ प्लेटीकडे बघत राहिला. याच्या वडिलांनी खपली सोडून ऊस लावला, कारण उतारा कमी आणि टरफल काढताना जीव जातो. आता मधुमेहवाल्यांनी तिला पुन्हा भाव आणलाय. त्याने तिथूनच गावी फोन लावला, स्पीकरवर.

"खपली? कोशिंबिरीत?" आईंचा आवाज शेजारच्या टेबलापर्यंत गेला. "खीर करत्यात रं तिची. पैसं किती घेतलं?"

"शंभर," मित्र म्हणाला.

"शंभर!" मग थोडं थांबून, "आनि काय खाल्लंस?"

"पास्ता. जरा कच्चा ठेवतात तो."

"कच्चा? रातच्याला? पोटात दुखंल की. वाईच ओवा माग त्येंच्याकडनं. माग, मी हाय फोनवर."

मित्राने हळूच हात वर केला. "भैया, ओवा है क्या? मतलब... अजवाइन?"

मुलगा विचारात पडला, आत गेला आणि ओरेगॅनोच्या दोन पुड्या घेऊन आला. "सर, यही है."

"गावला का?" फोनमधून आवाज आला.

"हो आई, मिळाला," म्हणत मित्राने माझ्याकडे न बघता पुडी फोडली आणि तळहातावर ओतली.