बिनविरोध चेअरमन

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा पाठिंबा काढून घेतला. आमचा लॅपटॉप त्याआधीच अल्पमतात होता. विंडोज 11 ला किमान 4 जीबी रॅम आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते. आमच्याकडे 2 जीबी रॅम आणि एक खिळखिळी बिजागरी.

भाच्याने फोनवर फर्मान काढलं, ‘‘मामा, विंडोजऐवजी लिनक्स टाका. लुबुंटू, मिंट, पपी, कुठलंही घ्या. सगळं फुकट.’’

फुकट म्हटल्यावर निवड अवघडच होते. एरवी निकाल खिसा देतो. आता सगळीच दारं उघडी, त्यामुळे मी रोज एक पेन ड्राइव्हवर चढवायचो, एफ-12 दाबून चालवून बघायचो आणि दुसऱ्या दिवशी पुसायचो. हार्ड डिस्कला धक्का लागत नाही, त्यामुळे निर्णय घ्यायची घाईही नाही. पपी हे ऑस्ट्रेलियाच्या बॅरी कॉलर यांनी 2003 मध्ये काढलेलं, आपल्या कुत्र्याचं नाव दिलेलं. सगळं रॅममध्येच जाऊन बसतं, त्यामुळे आमचा म्हातारा तुरुतुरु पळायला लागला. पण बंद करताना ‘काम कुठे जपून ठेवू’ असं विचारी, आणि मला उत्तर सुचत नसे.

अशा वेळी पाइपलाइन रोडवरचे अण्णा आले. साखर कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त.

‘‘सर, हे फुकट देतं कोण?’’

‘‘जगभरातली माणसं मिळून बनवतात. मालक कोणी नाही.’’

‘‘म्हणजे सहकारी!’’ अण्णा सावरून बसले. ‘‘चेअरमन कोण?’’

‘‘फिनलंडचे लिनस टोरवाल्ड्स. 1991 पासून.’’

‘‘तेव्हापासून एकच? बिनविरोध?’’

अण्णांच्या चेहऱ्यावर असा आदर मी फक्त विखे पाटलांनी 1950 मध्ये प्रवरानगरला उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याच्या गोष्टींत पाहिला होता.

‘‘विरोधक काय करतात मग?’’

‘‘ज्याला पटत नाही तो सगळा कोड उचलून आपलं वेगळं काढतो. तशी मुभाच आहे. 1993 चं डेबियन, त्यावरून 2004 मध्ये उबुंटू, त्यावरून 2006 मध्ये मिंट.’’

‘‘पॅनेल फुटलं की नवा कारखाना,’’ अण्णा म्हणाले. ‘‘यात परदेशी काय आहे?’’

वंशावळ पटल्यामुळे त्यांनी मिंटच्या पारड्यात मत टाकलं. मीही एक्सएफसीई हा हलका अवतार कायमचा बसवून टाकला. 2 जीबीत जेमतेम बसतो, पण बसतो. खरा हावरट निघाला तो ब्राउझर. बँकेचं एक पान, बातम्यांचं एक पान उघडलं की पंखा घरघरू लागतो. ऑपरेटिंग सिस्टीम कितीही सडपातळ घ्या, रॅम खातो तो हा पाहुणा. मी एका वेळी एकच पान उघडायची शिस्त लावून घेतली आहे.

अण्णा मात्र अजून हिशेबातच अडकलेले.

‘‘सर, सभासद व्हायला शेअर केवढ्याचा?’’

‘‘शून्य रुपयांचा.’’

‘‘आणि लाभांश?’’

‘‘तोही शून्य.’’

अण्णांनी बराच विचार केला. ‘‘ठीक आहे. पण दिवाळीला साखर तरी वाटतात का?’’