ढोबळ नफ्याची मीमांसा
अमळनेरात तत्त्वज्ञान मंदिर १९१६ साली आणि वनस्पती तूप काढणारी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, म्हणजे आजची विप्रो, १९४५ साली स्थापन झाली. या दोन्हींच्या छायेत वाढलेला खानदेशी गुंतवणूकदार समभाग घेताना फारसा विचार करीत नसला, तरी घेतल्यानंतर त्यावर मीमांसकाच्या चिकाटीने वाद घालतो. सध्या त्याच्या वादाचा विषय एनव्हिडिया ही संगणकाच्या चिप आखणारी अमेरिकी कंपनी आहे.

ढोबळ नफ्याचे प्रमाण, अर्थात शंभर रुपयांच्या विक्रीतून मालाचा थेट खर्च वजा जाता उरणारी रक्कम, जानेवारी २०२५ अखेरच्या वर्षात या कंपनीत सुमारे ७५ रुपये होते. प्रतिस्पर्धी एएमडीचे २०२४ मध्ये ५० च्या आसपास, तर इंटेलचे ३३ च्या. ज्या जळगावात डाळमिलवाला चुनी-भुशाचाही हिशेब ठेवतो, तिथे असा आकडा ऐकून आधी आदर आणि मागाहून संशय उत्पन्न व्हावा, हे स्वाभाविकच होय.

पूर्वपक्ष असा की, ‘कुडा’ ही कंपनीची सॉफ्टवेअर-व्यवस्था अभियंत्यांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की गिऱ्हाईक हलणार नाही. उत्तरपक्ष असा की, गूगल आणि अॅमेझॉन ही बडी गिऱ्हाइकेच स्वतःच्या चिप आखू लागल्यामुळे आज ना उद्या भाव उतरवावा लागेल. दोन्ही मुद्दे वजनदार असले, तरी कोणता पक्ष कोणी मांडायचा हे डीमॅट खातेच ठरवते; ज्याने समभाग घेतला त्याला स्पर्धा दिसत नाही आणि ज्याचा घ्यायचा राहिला त्याला स्पर्धेवाचून काही दिसत नाही. २७ जानेवारी २०२५ रोजी डीपसीक या चिनी कंपनीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या स्वस्त प्रारूपाच्या धास्तीने हा समभाग एका दिवसात सुमारे १७ टक्के कोसळला, तेव्हा एका पक्षाला ती घसरणीची नांदी वाटली, दुसऱ्याला खरेदीची पर्वणी, आणि मत मात्र कोणाचेच बदलले नाही.

वाद हरू लागला की विप्रोचा दाखला निघतो. समभाग न विकता सांभाळणारी अमळनेरची घराणी कोट्यधीश झाली, हे खरेच. पण तितक्याच निष्ठेने सांभाळलेल्या बुडीत कंपन्यांच्या कागदांचा दाखला कोणी देत नाही (रद्दीवाल्याकडे त्यांचा भाव अर्थातच स्थिर असतो). शिवाय भागधारकांच्या दूरदृष्टीचे गोडवे गाताना एक प्रसंग सोयीस्करपणे गाळला जातो. वडिलांच्या निधनामुळे १९६६ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, अझीम प्रेमजींनी विप्रोचा कारभार हाती घेतला, तेव्हा पहिल्याच वार्षिक सभेत एका भागधारकाने त्यांना आपला हिस्सा एखाद्या जाणत्या माणसाला विकून टाकण्याचा सल्ला दिला होता. प्रेमजींनी तो मानला नाही.